डेथ स्टारचं भोक आणि गाविलगडाची उत्तर बाजू

१९७७ साली 'स्टार वॉर्स' पडद्यावर आला, तेव्हापासून एक प्रश्न प्रेक्षकांची पाठ सोडत नाही. अख्खा ग्रह फोडू शकणारं 'डेथ स्टार' नावाचं यंत्र बांधायचं, लांबून चंद्र वाटावा एवढं मोठं, आणि त्याच्या कवचात दोन मीटर रुंदीचं असं एक भोक ठेवायचं, की त्यातून सोडलेला टॉर्पेडो थेट मुख्य भट्टीवर जाऊन आदळावा! बंडखोरांचे हेर यंत्राचे आराखडे पळवतात, ते एका यंत्रमानवाच्या स्मृतीत दडवतात, तज्ज्ञ ते उलगडून हे भोक शोधून काढतात आणि बघता बघता त्या अजस्र गोळ्याच्या ठिकऱ्या उडतात. सिनेमा संपला की पहिली चर्चा याचीच होते. एवढ्या हुशार लोकांनी असलं भोक ठेवलंच कशाला?

प्रश्न रास्त आहे. साम्राज्यं, आरमारं, तारे ओलांडून चालणारी युद्धं अशा मोठ्या पटावरच्या अंतराळकथांना 'स्पेस ऑपेरा' म्हणतात. विल्सन टकर या लेखकाने १९४१ साली हे नाव दिलं ते हिणवण्यासाठी. पुढे वाचकांनीच त्याला मान मिळवून दिला. या कथांमध्ये हेरगिरी आणि शस्त्रातली खोट ही जोडी हटकून येते, कारण तिच्यावाचून दुबळ्या बाजूला जिंकवायचं कसं हा लेखकापुढचा मोठा पेच असतो. ही जोडी कितपत पटण्याजोगी आहे, हे तपासायला एक खरीखुरी लढाई आणि एक खराखुरा किल्ला वऱ्हाडातच आहे.

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात अडगाव बुद्रुक हे गाव आहे. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन. इंग्रजांच्या कागदांत 'अरगाव' म्हणून नोंदलेली लढाई २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इथे झाली. एका बाजूला जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा. दुसऱ्या बाजूला नागपूरकर रघुजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांची फौज आणि शिंद्यांचं घोडदळ. इंग्रजी पलटणी दिवसभर उन्हात चालून थकल्या होत्या. त्या दिवशी लढायचा वेलस्लीचा विचारही नव्हता. पण वाटेतल्या एका गावातल्या बुरुजावर तो चढला आणि सिरसोली व अडगावच्या पलीकडे त्याला माणसांचा एक अस्ताव्यस्त जमाव हलताना दिसला. तीच मराठ्यांची फौज होती.

त्या काळच्या हेरगिरीत असा बुरुज हे एक मोठं साधन होतं. सपाट काळ्या रानात दहा-वीस हात उंची मिळाली की कोसभर लांबचं कळे. लढाई दुपार उलटल्यावर सुरू झाली. मराठ्यांच्या तोफांनी तोंड उघडताच, दोन महिन्यांपूर्वी असईच्या रणात पाय रोवून उभ्या राहिलेल्या काही देशी पलटणी इथे मात्र पळत सुटल्या. वेलस्लीने त्यांना स्वतः गाठून पुन्हा उभं केलं. दिवस मावळेपर्यंत मन्याबापूंची फौज मोडली होती आणि ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या होत्या. वाचलेल्या कवायती पायदळापैकी बरेच जण पूर्वेला गाविलगडात शिरले.

इथून पुढची गोष्ट डेथ स्टारच्या अगदी जवळ जाते.

चिखलदऱ्याजवळचा गाविलगड हा वऱ्हाडचा खरा अजिंक्य किल्ला समजला जाई. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने तो १४२५ च्या सुमारास बांधून काढला आणि पुढे इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला इमादुल्मुल्क याने त्याची डागडुजी केली. दक्षिणेकडे, म्हणजे वऱ्हाडच्या मैदानाकडे पाहणारी त्याची बाजू उभ्या कड्याची आहे. त्या बाजूच्या दरवाजाकडे जाणारी वाट इतकी लांब आणि खडी, की फक्त माणसंच चढू शकत. वायव्येच्या दरवाजाची वाट किल्ल्याच्या पश्चिम अंगाला वळसा घालून जाते, आणि एवढा सगळा वळसा तटावरच्या तोफांच्या माऱ्यात. उरली उत्तर. तिथे किल्ल्याबाहेरची जमीन आणि किल्ल्याची जमीन एकाच पातळीवर आहे. डोंगर बांधणाऱ्याच्या हातात नसतो. पठार ज्या बाजूने पुढे सरकलं आहे ती बाजू उघडीच राहणार.

बांधणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं समजण्याचं काही कारण नाही. उत्तरेला त्यांनी आतल्या किल्ल्यावर एक बाहेरचा किल्ला घातला, आणि त्या बाहेरच्या किल्ल्यापुढे आणखी एक, तिसरा तट उभारला. शिवाय खरं संरक्षण वेगळंच होतं. उत्तरेच्या दरवाजापर्यंत पोचायचं तर एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, सोडून मेळघाटातून सुमारे ३० मैल फिरून लबाडा या गावी यावं लागे. त्या वाटेने बैल जातील, घोडं जाईल, पण किल्ल्याचा तट फोडणारी जड तोफ कशी जाणार? खोट उघडी होती आणि तिच्यावर पहारा होता तो अंतराचा.

वेलस्लीने १५ डिसेंबर १८०३ रोजी पाठवलेल्या अहवालात हा सगळा विचार लिहिलेला आहे. त्यातली एक नोंद हेरकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. उत्तरेकडून हल्ला करायचा हा निर्णय त्याने आणि स्टीव्हन्सनने घेतला तो एलिचपुरात चौकशी केल्यावर. एवढंच. आराखडे चोरले नाहीत, कुणी वेश पालटून आत गेलं नाही. गावात विचारपूस केली. किल्ला म्हणजे शेवटी शेकडो माणसांचं रोजचं घर असतं. तिथे धान्य जातं, सरपण जातं, गुरं चरायला बाहेर पडतात. कोणत्या बाजूने गाडी जाते आणि कोणत्या बाजूने फक्त पाय, हे आसपासच्या प्रत्येक गावाला ठाऊक असतं. हजारो मजूर, सैनिक आणि पुरवठेदार असलेल्या डेथ स्टारचंही असंच होणार. त्याचं भोक गुप्त राहिलं असतं हीच कल्पना अवघड वाटते. तिजोरीतल्या एकुलत्या एका नकाशाची गरज कथेला नाट्यासाठी लागते.

७ डिसेंबरला स्टीव्हन्सनची फौज डोंगरात शिरली. पुढचे काही दिवस तिने जे केलं ते कोणत्याही अंतराळपटात दाखवलेलं नाही. जड तोफा आणि दारूगोळा सैनिकांनी जवळजवळ सगळी वाट हातांनी ओढून नेला. त्याआधी वाटही त्यांनीच तयार केली. १२ तारखेच्या रात्री उत्तरेला मोर्चे बांधले, १३ ला सकाळी तोफा सुरू झाल्या, १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडार पडलं. दक्षिणेकडून वेलस्ली स्वतः तोफा डागत होता, गडावरच्यांचं लक्ष वाटून घेण्यासाठी. १५ तारखेला सकाळी हल्ला झाला. बाहेरचा किल्ला पडला, पण आतल्या किल्ल्याच्या भिंतीला खिंडार नव्हतंच. मधल्या दरवाजावर थोडी धडपड झाल्यावर कॅप्टन कॅम्पबेल याने ९४ व्या पलटणीची एक तुकडी घेऊन भिंतीची एक चढता येईल अशी जागा शोधली, शिड्या लावल्या, आत उतरून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या माणसांसह लढता लढता पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, भोसल्यांनी देवगावचा तह केला.

तोफांनी दोन दिवस झोडलेल्या तटापेक्षा न फोडलेल्या भिंतीवरची ही एक जागा जास्त बोलकी आहे. ती कुणी आराखड्यात पाहिली नव्हती. ती त्या क्षणी, तिथे उभ्या असलेल्या एका अधिकाऱ्याने शोधली. खोट सापडते ती पुष्कळदा अशी, कागदावर कमी आणि जागेवर जास्त.

आता पुन्हा त्या दोन मीटरच्या भोकाकडे. भौतिकशास्त्र त्याच्या बाजूने आहे, आणि हे बहुतेक टीकाकारांच्या नजरेतून सुटतं. पृथ्वीसारखा ग्रह पुन्हा एकत्र येणार नाही असा विखुरायचा तर सुमारे २ वर ३२ शून्यं एवढे जूल ऊर्जा लागते. सूर्य सगळ्या दिशांना मिळून जेवढी ऊर्जा फेकतो, तिची जवळजवळ आठवडाभराची बेरीज. कोणतंही यंत्र शंभर टक्के कार्यक्षम नसतं. त्यातला एक टक्का जरी उष्णता म्हणून यंत्रातच राहिला तरी ते आतल्या माणसांसकट वाफ होऊन जाईल. पृथ्वीवर गरम यंत्राला वारा थंड करतो, पाणी थंड करतं. अंतराळात दोन्ही नाही. निर्वातातलं यान थर्मासमधल्या चहासारखं आपली ऊब धरून बसतं. ती घालवण्याचे मार्ग दोनच: प्रारणातून सोडून देणं किंवा गरम पदार्थ बाहेर फेकणं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक अमोनिया खेळवणारी मोठमोठी पंखांसारखी रेडिएटर बाहेर पसरून ठेवतं, आणि त्यांतून ७० किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतं. एवढीशी उष्णता घालवायला केवढा पसारा!

म्हणजे डेथ स्टारला उष्णता सोडायची वाट हवीच होती, गाविलगडाला उत्तरेचा दरवाजा हवा होता तशीच. खटकायला हवा तो तिचा लहानसा आकार. खऱ्या डेथ स्टारला शेकडो चौरस किलोमीटरची रेडिएटर लागली असती, नाजूक, उघडी, कवचाबाहेर. बंडखोरांना नेमबाजीची एवढी करामत करावीच लागली नसती. पण रेडिएटर फोडलं म्हणून यंत्राचा लगेच स्फोट झाला नसता; ते हळूहळू तापत गेलं असतं, तोफ बंद ठेवावी लागली असती आणि दुरुस्तीची पथकं बाहेर पाठवावी लागली असती. युद्धनीतीच्या दृष्टीने हा विजयच, मात्र पडद्यावर तो दाखवणं कठीण.

एका फटक्यात सगळं उडणं तरी खरं का? दुर्दैवाने, हो. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या समुद्रात इन्डिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल या तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर काही तासांच्या अंतराने फुटल्या आणि तीन हजारांहून अधिक माणसं गेली. तोफांच्या बुरुजावर गोळा पडला की तिथली आग खाली दारूच्या कोठारापर्यंत जाऊ नये, यासाठी मध्ये दारं ठेवलेली होती. पण जलद गोळाफेक व्हावी म्हणून दारूच्या पिशव्या वाटेतच रचून ठेवण्याची आणि दारं उघडी सोडण्याची सवय आरमारात रुजली होती. आराखडा जेवढा सदोष होता, त्याहून त्याचा वापर घातक ठरला. बरोबर शंभर वर्षांनी, ३१ मे २०१६ च्या पहाटे, वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला आग लागली आणि दोन अधिकाऱ्यांसह किमान सोळा जणांचा जीव गेला. सुरुंगांतून पाझरणारं टीएनटी हे कारण चौकशीत पुढे आलं. शत्रू कुठेच नव्हता. ही घटना विदर्भ फार लवकर विसरला, आणि ते बरं झालं नाही.

डेथ स्टारच्या भोकावर लोक इतके हसले, की २०१६ च्या 'रोग वन' या सिनेमाने त्याचा खुलासाच केला. गेलन एर्सो हा शास्त्रज्ञ सक्तीने कामाला जुंपलेला असतो आणि तो मुद्दाम ती खोट ठेवतो. असे घातपात खरोखर झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे व्ही-२ अग्निबाण नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगरातल्या बोगद्यांत, मिटेलबाउ-डोरा छळछावणीतल्या कैद्यांकडून बनवून घेतले जात. कैद्यांनी कामात जमेल तिथे खोट ठेवली, आणि संशयावरून कित्येकांना इतर कैद्यांच्या डोळ्यांदेखत फाशी देण्यात आलं. पण या घातपाताचं स्वरूप पाहायला हवं. कच्ची जोडणी, सैल राहिलेला भाग, निकामी वस्तू तपासणीतून पुढे ढकलणं. त्यामुळे शस्त्र वेळेला दगा देतं. शत्रूला आत शिरायला नेमकं दार उघडून देणं ही फार वेगळी गोष्ट. ते दार प्रत्येक तपासणीत, प्रत्येक बैठकीत निर्दोष दिसावं लागतं. एर्सोची कहाणी हृदयाला भिडते, पण तर्काला गाविलगडाची जास्त पटते: खोट सर्वांना माहीत होती, तिची किंमत मोजून ती स्वीकारली होती, आणि समोरचा ती किंमत मोजायला तयार होईल असं वाटलं नव्हतं.

हेरगिरीच्या बाबतीत मात्र अंतराळकथा जास्त घसरतात. त्यांत माहिती हाती आली की ती खरी असते, पूर्ण असते आणि लगेच कळते. १८०३ च्या मोहिमेत वेलस्लीकडे हरकाऱ्यांची तीन वेगवेगळी पथकं होती. त्यांचा एकमेकांशी संबंध येऊ दिला जात नसे, म्हणजे एकाची बातमी दुसऱ्याशी ताडून पाहता येई. या कामात त्याच्या हाताशी होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला. एवढी व्यवस्था असूनही २३ सप्टेंबरला ती चुकली. शत्रू भोकरदनला आहे अशी बातमी आली. प्रत्यक्षात शिंदे-भोसल्यांची सगळी फौज कितीतरी अलीकडे, केळणा नदीच्या काठी पसरलेली निघाली. स्टीव्हन्सनची फौज अजून यायची होती. वाटाडे म्हणाले, नदीला इथे उतार नाही. वेलस्लीला समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली. दोन गावं अशी समोरासमोर वसली तर मध्ये उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला आणि तो खरा ठरला. असईची लढाई इंग्रजांनी जिंकली, पण दीड हजारांहून अधिक माणसं ठार-जखमी करून घेऊन. हेरांपेक्षा त्या दिवशी नजर कामी आली.

त्याच महिन्यात उत्तरेला अलीगडच्या किल्ल्यावर उलट घडलं. शिंद्यांच्या नोकरीतून बाहेर पडलेला लुकन नावाचा अधिकारी इंग्रजांना मिळाला होता. ४ सप्टेंबर १८०३ च्या हल्ल्यात त्याने इंग्रजी तुकडीला दरवाजातून आत नेणारी वाट दाखवली. आतलं माणूस फुटणं हा आराखडा चोरण्यापेक्षा कितीतरी जुना आणि भरवशाचा मार्ग आहे.

हेरगिरी आणि रचनेतली खोट यांची सगळ्यात नेमकी गाठ पडली ती जर्मनीच्या 'एनिग्मा' या संकेतयंत्रात. जर्मन संकेतखात्यातला हान्स-थिलो श्मिट हा कर्मचारी पैशांसाठी १९३१ पासून यंत्राची कागदपत्रं फ्रेंचांना विकू लागला. फ्रेंचांना त्यांचा फारसा उपयोग होईना. कागद पोलंडला गेले, आणि मारियान रेयेव्स्की या तरुण गणितज्ञाने १९३२ अखेर त्यांच्या आधारे यंत्राची आतली जोडणी मांडून दाखवली. म्हणजे कागद वाचू शकणारा माणूस मिळेपर्यंत चोरी निष्फळ होती. आणि यंत्रातली प्रसिद्ध खोट कोणती? कोणतंही अक्षर संकेतात कधीच स्वतःच्या रूपात येत नसे. एकाच मांडणीत संदेश बंदही करता यावा आणि उघडताही यावा, या सोयीसाठी बसवलेल्या भागाचा तो परिणाम होता. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेतभेद केंद्रातल्या गणितज्ञांनी ही सोय हत्यार म्हणून वापरली. इथेही खोट म्हणजे कुणाची तरी गरज भागवणारी गोष्ट.

शस्त्राचं रहस्य फुटलं म्हणून शस्त्र संपतं हाही कथांचा एक आवडता समज आहे. ऑगस्ट १९६६ मध्ये मुनीर रेदफा हा इराकी वैमानिक आपलं मिग-२१ घेऊन इस्रायलमध्ये उतरला. इस्रायलच्या वैमानिकांनी ते उडवून त्याच्या मर्यादा शोधल्या. वैमानिकाला मागचं कमी दिसतं ही त्यांपैकी एक. वर्षभरात अरब राष्ट्रांशी झालेल्या युद्धात त्याचा उपयोग झाला. आणि तरी हेच मिग-२१ नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनत राहिलं, आणि भारतीय हवाई दलातून ते निवृत्त झालं ते २६ सप्टेंबर २०२५ रोजी. रहस्य फुटल्यावर एकोणसाठ वर्षांनी! खोट कळणं आणि तिचा फायदा उठवता येणं यांच्यामध्ये वैमानिकाचं कौशल्य, डावपेच, सुधारित आवृत्त्या अशा पुष्कळ गोष्टी असतात.

आजची हेरगिरी जास्त नेमकी दाखवली ती २००३ साली सुरू झालेल्या नव्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ने. त्यात शत्रूची एक स्त्री गायस बाल्टर या शास्त्रज्ञाशी जवळीक साधते, त्याच्यामार्फत संरक्षण यंत्रणेच्या संगणकांत शिरते, आणि एकमेकांशी जोडलेलं अख्खं आरमार एका क्षणी बंद पडतं. वाचते ती जुनी गॅलॅक्टिका, कारण तिचे संगणक जाळ्यात जोडलेलेच नसतात. २०१८ मध्ये नागपूरच्या ब्राह्मोस प्रकल्पातल्या एका अभियंत्याला आणि २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला अटक झाली, तेव्हा समाजमाध्यमांवरच्या बनावट स्त्री-ओळखींचा वापर झाल्याचे आरोप दोन्ही प्रकरणांत पुढे आले. आरोप हे आरोपच. पण शत्रूची यंत्रणा कोणत्या दारावर टकटक करते हे त्यांतून दिसतं. आराखड्यांच्या मनोऱ्यावर चढणारी 'रोग वन'ची नायिका पाहायला छान वाटते. खरा हल्ला रात्री उशिरा मोबाइलवर येणाऱ्या एका गोड संदेशाने सुरू होतो.

अंतराळात आणखी एक अडचण आहे: तिथे लपणंच जवळजवळ अशक्य. यानाची उष्णता काळ्या थंड पार्श्वभूमीवर उठून दिसते, आणि संदेश पाठवला तर तो ऐकू येतो. किती दुबळा संदेश किती लांबून ऐकता येतो, याचं उदाहरण जुन्नर तालुक्यातल्या खोडदला आहे. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० थाळ्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं 'स्कियापरेल्ली' यान मंगळावर उतरत होतं. त्याचा छोटासा प्रक्षेपक इतर यानांसाठी होता, पृथ्वीसाठी नव्हता. तरी सुमारे १७ कोटी किलोमीटरवरून तो क्षीण स्वर खोडदला टिपला गेला, आणि उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडं आधी थांबला. पुढे चौकशीत कळलं की यानाचं फिरणं मोजणारं उपकरण सुमारे एक सेकंद जास्त वेळ आपल्या कमाल आकड्यावर अडकून बसलं. त्या चुकीच्या मापावरून संगणकाने यान जमिनीच्याही खाली असल्याचा हिशोब केला, छत्री सोडून दिली, इंजिनं जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केली, आणि यान ३.७ किलोमीटर उंचीवरून कोसळलं. एका सेकंदाची खोट, तीही कुणी न ठेवलेली. 'स्टार वॉर्स'मध्ये चोरलेले आराखडे घेऊन निसटणाऱ्या राजकन्येच्या जहाजाला साम्राज्य लगेच गाठतं, हे खोडदच्या थाळ्यांकडे पाहिल्यावर पटतं.

अशा जगात खरी हेरगिरी लपवण्यापेक्षा फसवण्यावर चालेल, आणि 'स्टार वॉर्स'ने हे एकदा नेमकं दाखवलं आहे. १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये दुसऱ्या डेथ स्टारची माहिती बंडखोरांच्या हेरांना मिळते ती सम्राटानेच मिळू दिलेली असते. अपुरं बांधकाम हे आमिष असतं. १९४३ साली ब्रिटिशांनी खोटी कागदपत्रं घेऊन एक मृतदेह स्पेनच्या किनाऱ्याजवळ सोडला होता आणि दोस्तांचा हल्ला सिसिलीऐवजी ग्रीसवर होणार असं जर्मनांना पटवलं होतं. त्याच जातीची ही चाल. अलीकडच्या 'अँडॉर' या मालिकेनेही चांगली वाट धरली: तिच्यात आराखडे एका रात्रीत हाती येत नाहीत, त्यामागे वर्षानुवर्षं झिजलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसं आहेत. वेलस्लीच्या तीन पथकांना ती मालिका ओळखीची वाटली असती.

मराठीत असं लिहिलं जाईल का? जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांनी नाव पाहून कौल देऊ नये. तिथून मराठी विज्ञानकथेला मोठा वाचक मिळाला, पण तारे ओलांडणारी युद्धकथा तिच्यात क्वचितच आली. सामग्री मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी पडून आहे. उत्तर उघडी आहे हे माहीत असलेला किल्लेदार, एलिचपूरच्या पेठेत विचारलेला साधा प्रश्न, वाट नसलेल्या डोंगरातून हातांनी ओढलेल्या तोफा, आणि अडगावच्या रानातून पराभूत होऊन त्याच गडात आसऱ्याला आलेलं पायदळ, ज्याला आपण कोणत्या तटावर उभे केले जाणार हे अजून ठाऊक नाही. अशी कथा कुणी लिहायला घेतली, तर तिने सुरुवात या पायदळातल्या एखाद्या शिपायापासून करावी.